धुराचे कूळ, धुळीचे मूळ

न्यायशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो धुराचा. समोरच्या डोंगरावर धूर दिसतो आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हे त्याने स्वयंपाकघरात अनेकदा पाहिलेले आहे. तेव्हा डोंगरावर अग्नी आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पासून पुढे कित्येक पिढ्यांनी अनुमान म्हणजे काय ते याच उदाहरणावरून शिकून घेतले. नैयायिकांची खरी बारकाई मात्र उलट्या वाटेवर दिसते. धुरावरून आग ओळखता येते, पण आगीवरून धूर ओळखता येत नाही, असे ते बजावतात. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला ओल्या इंधनाचा संयोग लागतो. या जादा अटीला त्यांनी उपाधी म्हटले.

रायपूरच्या हवेचा विचार करताना तो लाल गोळा मला फार वेळा आठवतो. इथे लोखंड तापवणाऱ्या भट्ट्याच शहराच्या उशाशी आहेत आणि त्या धुराविना चालत नाहीत. शिवाय शहरापुढचा प्रश्न त्या धड्याच्या एक पायरी पुढचा आहे. आग आहे याबद्दल कोणाला शंका नाही. आग कोणती, हे कळायला हवे. डोंगर एक नसून शंभर असतील, प्रत्येकावर काही ना काही जळत असेल आणि सगळा धूर खोऱ्यात उतरून एक झाला असेल, तर ओंजळभर हवा हातात घेऊन कोणत्या डोंगराचा वाटा किती, हे सांगता येईल का? नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. धुराच्या बाबतीत हा संकोच बाळगून चालणार नाही.

पुरानी बस्ती हा रायपूरचा सर्वांत जुना भाग. महामाया मंदिर, दूधाधारी मठ, जैतुसाव मठ, टुरी हटरीचा बाजार आणि जवळच बूढा तालाब. बस्तीला लागूनच लाखे नगर आहे. ते नाव वामनराव लाख्यांचे. १९१३ साली रायपुरात सहकारी बँक उभी करणाऱ्यांत ते अग्रणी होते आणि माधवराव सप्रे यांनी १९०० साली सुरू केलेल्या ‘छत्तीसगढ मित्र’चे प्रकाशकही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी घरे आहेत. त्यामुळे तात्यापाऱ्यात किंवा बूढापाऱ्यात एखाद्या दारी मराठीत हाक ऐकू आली, तर इथे कोणी वळून पाहत नाही.

या बस्तीतला धूर पूर्वी ओळखीचा होता. पौषातल्या संध्याकाळी गल्लीत ज्याच्या त्याच्या दारात गोरसी पेटते. गोरसी म्हणजे मातीचे पसरट भांडे. त्यात शेणी, भाताचे तूस, लाकडाचे तुकडे. म्हातारी माणसे तिच्याभोवती हात शेकत बसतात. कोपऱ्यावर भजी-जलेबीची भट्टी असते, मठाच्या अंगणात होम, चैत्र आणि आश्विन अशा दोन्ही नवरात्रांत महामायेच्या मंदिरात नवसाचे ज्योतकलश रांगांनी तेवतात. पलीकडे खारून नदीच्या काठी महादेव घाटावर चिता जळतात. यातला प्रत्येक धूर नाकाला वेगळा कळतो आणि तो कोणाचा हे गल्लीला ठाऊक असते. शेजाऱ्याच्या शेणीचा धूर आपल्या वाळवणावर आला तर जाऊन सांगता येते.

त्यानंतर गच्चीवर काळी पूड येऊ लागली. रायपूरच्या कोणत्याही गृहिणीला विचारा. सकाळी झाडलेली गच्ची संध्याकाळी अनवाणी चालली की तळवे काळे करते. दोरीवरचे पांढरे धोतर, तुळशीची पाने, पाण्याच्या टाकीचे झाकण, सगळ्यावर तीच बारीक काजळी बसते. आमच्या नात्यातल्या एका वृद्ध आत्यांनी मला एकदा ती सुपलीत गोळा करून दाखवली. कागदावर पसरली आणि कागदाखालून नातवाच्या खेळातले लोहचुंबक फिरवले, तर काळ्या पुडीतला काही भाग केसासारखा ताठ उभा राहिला आणि चुंबकाच्या मागे मागे सरकू लागला. उरलेली माती तशीच पडून राहिली. ‘हे सिलतऱ्याचं,’ त्या म्हणाल्या. साठ वर्षे या शहरात काढलेल्या बाईने केलेले हे मूळशोधन होते आणि शास्त्राच्या दृष्टीने त्याची दिशा अगदी बरोबर होती. मिसळलेल्या धुळीतून एक गुण वेगळा काढायचा आणि त्या गुणावरून कुळाकडे जायचे.

सिलतरा शहराच्या उत्तरेला, बिलासपूर रस्त्यावर. उरला वायव्येला. दोन्हीकडे स्पंज आयर्नच्या भट्ट्या, रोलिंग मिल, फेरो अलॉय. लोहखनिज आणि दगडी कोळसा लांबलचक फिरत्या भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापवायचा, म्हणजे कोळशातला कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि मागे सच्छिद्र लोखंड उरते. लोखंड वितळत नाही, म्हणून प्रक्रिया स्वस्त पडते. त्याच वेळी बारीक कोळसा, राख आणि लोहाचे कण धुराड्याकडे धाव घेतात. ते अडवायला विजेच्या भाराने कण पकडणारे संयंत्र असते. ते इथल्या बोलीत ईएसपी. रात्री ती बंद ठेवली जातात, अशी आसपासच्या वस्त्यांची तक्रार जुनी आहे. पश्चिमेला भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ पासून चालू आहे. बलौदाबाजारकडे सिमेंट आहे. सगळ्या बाजूंनी भाताच्या गिरण्या आहेत आणि त्यांच्या बॉयलरमध्ये तूस जळते. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले आणि यात बांधकाम आणि वाहने यांची भर पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या यादीत रायपूरची पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांची, वार्षिक सरासरी घनमीटरला १३४ मायक्रोग्रॅम होती, २०१६ च्या यादीत १४४. दोन्ही वेळा जगातल्या सर्वाधिक प्रदूषित शहरांच्या पहिल्या रांगेत. भारताची स्वतःची वार्षिक मर्यादा ४० आहे, आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५.

मात्र आत्यांच्या कागदावरची पूड आणि या आकड्यांमधली पूड एकच नाही. इथे थांबून नीट पाहायला हवे, कारण बहुतेक सगळी सार्वजनिक चर्चा याच ठिकाणी घसरते.

चुंबकाला चिकटलेले कण डोळ्यांना दिसत होते, म्हणजे ते मोठे होते. शंभर मायक्रॉनचा कण शांत हवेत मीटरभर खाली यायला चारेक सेकंद घेतो. तो गच्चीवर बसतो, तळव्याला लागतो आणि आपल्या कारखान्याची साक्ष देतो. एक मायक्रॉनच्या कणाला तोच मीटर उतरायला सात-आठ तास लागतात. आणि हवा शांत नसतेच, त्यामुळे तो उतरतच नाही. दिवसच्या दिवस तरंगतो, शेकडो किलोमीटर जातो. माणसाचा केस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातले केस आणि घशातला ओलावा चुकवून फुप्फुसाच्या शेवटच्या पिशवीपर्यंत पोहोचतो, त्यांतले सर्वांत लहान तर रक्तातही. आपल्या प्राचीनांनी झरोक्यातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत नाचणाऱ्या रजाला त्रसरेणू म्हटले. वैशेषिकांनी तो दिसणाऱ्या द्रव्याचा सर्वांत लहान तुकडा मानला, तर मनूने त्याला वजनाच्या मापांची पहिली पायरी केले, आठ त्रसरेणूंची एक लिक्षा. जीव घेणारा कण त्रसरेणूहून लहान आहे. तो डोळ्याच्या शास्त्रात बसत नाही, म्हणून त्याचे कूळ काढायला वेगळे शास्त्र लागले.

त्या शास्त्राच्या दोन वाटा आहेत. एक उगमापासून निघते. शहरात किती वाहने, किती भट्ट्या, किती चुली, प्रत्येकीत किती इंधन, प्रत्येक किलोमागे किती धूर, अशी मोजदाद करायची आणि वाऱ्याच्या गणितावर तो धूर शहरभर पसरवून पाहायचा. २०१७ च्या सुमारास भारतातल्या वीस शहरांसाठी अशी मांडणी झाली. त्यांत नागपूर, पुणे आणि रायपूर तिन्ही होती. या वाटेची अडचण अशी की ज्याची नोंद नाही ते तिच्यात येत नाही. गोरसीला परवाना नसतो. रात्री बंद केलेला ईएसपी कागदावर चालूच असतो.

दुसरी वाट नाकापासून, म्हणजे श्वास घेणाऱ्याच्या जागेपासून उलटी निघते. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत शेल्डन फ्रीडलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरातली धूळ घेऊन ती मांडली. गोपाळकाल्याचे उदाहरण घ्या. प्रत्येकाने आपापल्या घरची शिदोरी आणली, सगळे एकत्र कालवले. आता त्या काल्याचा एक घास घेऊन कोणाच्या घरचे किती, हे सांगायचे आहे. कोणाच्या शिदोरीत काय असते हे आधीच माहीत असेल, म्हणजे एकाचे लोणचे कैरीचे, दुसऱ्याचे लिंबाचे, तिसऱ्याच्या पोह्यांत डाळ, तर घासात कैरी किती, डाळ किती हे मोजून मागे जाता येते. हवेच्या बाबतीत घास म्हणजे गाळणकागद. यंत्र चोवीस तास हवा ओढते आणि अडीच मायक्रॉनखालचे कण टेफ्लॉन आणि क्वार्ट्झच्या चकत्यांवर धरते. एका चकतीवरून धातू मोजायचे, दुसरीवरून कार्बन. सिलिकॉन, ॲल्युमिनियम असेल तर माती. कॅल्शियम चढले तर सिमेंट आणि बांधकाम. लोह, मँगेनीज, जस्त पोलादाकडे बोट दाखवतात, आर्सेनिक आणि सेलेनियम कोळशाकडे, व्हॅनेडियम आणि निकेल जहाजांच्या जाड तेलाकडे. पोटॅशियम असेल तर वनस्पती जळलेल्या आहेत. शिसे पूर्वी पेट्रोलची खूण होती. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि ती खूण पुसली गेली. लाकूड, शेणी, पैरा म्हणजे भाताचा पेंढा, यांच्या धुरात लेव्होग्लुकोसान नावाची एक साखर सापडते. सेल्युलोज जळताना ती तयार होते. दगडी कोळसा किंवा डिझेल कितीही जाळा, ती मिळणार नाही. शेतात पैरा पेटवल्याचा पुरावा शहरातल्या चकतीवर साखरेच्या रूपाने येऊन बसावा, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

यापेक्षाही खोल जाणारी एक खूण आहे, वयाची. जिवंत झाड हवेतून कार्बन-१४ घेते. झाड मेले की तो ५७३० वर्षांत अर्धा, मग त्याच्या अर्धा, असा झिजत जातो. छत्तीसगडातल्याच कोरब्याच्या खाणीतला गोंडवनी कोळसा २५-३० कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्याचा. त्यात कार्बन-१४ चा अणू शिल्लक राहणे शक्यच नाही. डिझेलमध्येही नाही. कालपरवा तोडलेल्या बाभळीत मात्र तो पुरेपूर असतो. तेव्हा काजळीचा कण कार्बन-१४ साठी तपासला की तो या युगातल्या झाडाचा की त्या युगातल्या, हे कळते. हा प्रयोग आपल्या सिंहगडावर झालेला आहे. दक्षिण आशियावर हिवाळ्यात पसरणारा तपकिरी ढग मोटारी-कारखान्यांचा की चुली-शेतांचा, असा वाद तेव्हा जगभर चालू होता. स्टॉकहोमचे ऑर्यान गुस्ताफसन आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सिंहगडावर आणि मालदीवच्या एका बेटावर हवा गाळून चकत्या जमवल्या. २००९ साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आला. कार्बनी कणांचा सुमारे दोन तृतीयांश भाग जैव इंधनाचा होता आणि काजळीचा, मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे, निम्मा ते दोन तृतीयांश. गडावर पिठलेभाकरी खायला जाणाऱ्या आणि खडकवासल्याकडची धूसर क्षितिजरेषा पाहून ‘पुण्यात गाड्या फार झाल्या’ म्हणणाऱ्या माणसाला हे ऐकून धक्का बसेल. गाड्या फार झाल्या हे खरेच आहे. पण त्या धूसरपणात कित्येक गावांच्या चुली आणि शेतांची आगही होती.

काल्यात कोणाचे काय आहे हे सांगण्यासाठी प्रत्येकाची शिदोरी आधी उघडून पाहिलेली असावी लागते. शास्त्राच्या भाषेत याला उगमाची रासायनिक ओळख म्हणतात. कित्येक वर्षे या ओळखींचा साठा अमेरिकेतला होता. तिकडच्या शेकोटीचे लाकूड आणि तिकडचे डिझेल धरून इकडच्या हवेचा हिशेब करायचा म्हणजे गोरसीला ओकच्या लाकडाचे प्रमाणपत्र देणे. २०१० च्या सुमारास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळूर, कानपूर या सहा शहरांचा अभ्यास पुरा केला. त्यासाठी वाहनांच्या ओळखी पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने आणि बाकीच्या आयआयटी मुंबईने तयार केल्या. रायपूर त्या सहांत नव्हते. इथे ते काम पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या रसायनशास्त्र्यांनी केले. खगेश्वर सिंह पटेल, मानस कांती देब, शम्स परवेज ही नावे या शहराच्या हवेशी जोडलेली आहेत. जीवनलाल मतावले आणि परवेज यांच्या गटाने २०१४ मध्ये कारखान्यांच्या आणि घरगुती ज्वलनाच्या पीएम २.५ च्या ओळखी प्रसिद्ध केल्या, २०१५ मध्ये खास रायपूरच्या वाहतुकीच्या आणि धुळीच्या. रायपूरच्या रस्त्यावरची धूळ ही नुसती माती नसते. तिच्यात भट्टीचे लोहही मुरलेले असते. म्हणून ती इथेच गोळा करून, इथेच चाळून, इथेच तपासावी लागते. या कामाला प्रसिद्धी मिळत नाही. शहरातल्या माणसाला ते माहीतही नसते. माझ्या मते या शतकात रायपूरसाठी झालेल्या मोलाच्या कामांत ते गणले पाहिजे.

याच गटाने आणखी एक धाडस केले. परवेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होम, लग्नमंडप, दर्गे, बौद्ध मंदिरे यांतला धूर मोजला, तो अभ्यास २०१३ मध्ये आला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या राजन चक्रवर्तींबरोबर चितेच्या धुरातल्या तपकिरी कार्बनचा निबंध आला. चितेचा धूर मोजायला माणसाचे मन किती स्वच्छ लागते! त्यात अनादर नाही. ज्या आगीशी आपला शेवटचा संबंध येतो तिचाही हवेवर काही भार असतो आणि तो मोजल्यावाचून आपण तो उगीच फुगवतो किंवा उगीच लपवतो. महामायेच्या ज्योतींबद्दलही तेच. मोजले तर त्यांचा वाटा वर्षाच्या हिशेबात किरकोळ निघेल असे मला वाटते, आणि दारे बंद असलेल्या ज्योतकक्षात दिवसरात्र तेल घालणाऱ्या सेवकाच्या छातीत मात्र अजिबात किरकोळ निघणार नाही.

सगळ्यांत अवघड आहेत ते कण जे कोणी सोडलेलेच नाहीत. कोळशातला गंधक जळून सल्फर डायऑक्साइड वायू होतो. वायूला गाळणी अडवत नाही, तो धुराड्यातून अदृश्य निघतो. काही तासांत, काही दिवसांत हवेतच त्याचे सल्फेट होते. वाटेत धानाच्या शेतातल्या युरियाचा, गोठ्यातल्या मुताचा अमोनिया भेटतो आणि अमोनियम सल्फेटचा सूक्ष्म घन कण जन्माला येतो. त्याचा बाप धुराडे, आई शेत, आणि जन्म तिसऱ्याच गावावर. चकतीवर तो भरपूर सापडतो, पण त्यावर कोणाचा शिक्का नसतो. रस्त्याने दोनशे किलोमीटरवरच्या कोरब्याचा वीजप्रकल्प पुरानी बस्तीच्या श्वासात अशा वाटेने येऊ शकतो. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक प्रकल्पांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. मुदती वाढत गेल्या. जुलै २०२५ मध्ये मोठ्या वस्त्यांपासून आणि आधीच प्रदूषित ठरलेल्या शहरांपासून दूर असलेल्या प्रकल्पांना, म्हणजे देशातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक संयंत्रांना, त्या मर्यादेतून सूट मिळाली. धुराडे शहरापासून किती किलोमीटर, यावर निर्णय झाला. जो कण वाटेत जन्मतो आणि आठवडाभर प्रवास करतो, त्याला किलोमीटरचा हा दगड लागू पडतो असे मानणे मला चुकीचे वाटते, आणि ते चुकीचे आहे हे सांगणारे शास्त्र सरकारजवळच होते.

गणितही वाटते तितके निःसंदिग्ध नाही. १९९४ साली फिनलंडच्या पेंटी पाटेरो आणि उंटो टापर यांनी अशी रीत दिली की शिदोऱ्या आधी न उघडताही शेकडो घासांवरून गट पाडता येतात. अमुक धातू नेहमी अमुक कार्बनबरोबर चढतात-उतरतात, म्हणजे ते एका घरचे. पण गणित गटाला नाव देत नाही. ‘गट तिसरा’ एवढेच देते. त्याला ‘वाहने’ म्हणायचे की ‘रस्त्याची धूळ’, ‘घरगुती ज्वलन’ म्हणायचे की ‘भात-गिरणी’, हे माणूस ठरवतो. सिलतऱ्यातला कोळसा आणि हॉटेलच्या भट्टीतला कोळसा एकाच खाणीतला असेल तर चकतीवर त्यांचे चेहरे जवळजवळ सारखे दिसतात. तेव्हा नाव देणाऱ्याला शहर ठाऊक असले पाहिजे. थंडीतला वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो, तूस कोणत्या महिन्यात जळते, गोरसी किती वाजता पेटते आणि किती वाजता विझते, हे त्याला माहीत पाहिजे. हवेचे मूळ शोधण्याचे अर्धे काम यंत्राचे आणि अर्धे काम गल्लीत राहणाऱ्याचे, असे मी म्हणतो ते यासाठी. आत्यांसारख्या बायकांना या अभ्यासात साक्षीदार म्हणून बोलवायला हवे.

समजा सगळे नीट झाले, वाटे टक्क्यांत हातात आले. मग? ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये १९०१ साली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट छापून आली. जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. ती परत येऊन चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलायला त्यालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. एवढीशी माती इतकी जड, तर झोपडीतल्या सगळ्या मातीचा भार कसा पेलणार, असे ती विचारते. मातीला तराजूवरच्या वजनापलीकडे आणखी एक वजन असते, हे त्या दीडदोन पानांतले सत्य हवेलाही लागू आहे. टक्का हा तराजूवरचा वाटा. गोरसीचा टक्का आणि स्पंज आयर्नचा टक्का एका चक्राकृती चित्रात शेजारी शेजारी रंगवले की दोघे सारखेच आरोपी दिसतात. पण गोरसीवालीला ऊब मिळवायला दुसरे साधन नाही आणि भट्टीवाल्याकडे गाळणी बसवलेली आहे, ती चालवायला वीज लागते एवढेच. आणि याच्या उलट बाजूलाही पाहिले पाहिजे. धुराड्यातून शंभर फुटांवर सुटलेला एक ग्रॅम हवेत विरतो. गोरसीवर वाकलेल्या म्हातारीच्या नाकासमोरचा एक ग्रॅम जवळजवळ थेट तिच्यात जातो. तिच्यावर दया म्हणून चूल-गोरसीचा धूर हिशेबातून गाळला, तर सर्वांत जास्त भोगणारी तीच विसरली जाते. तिचा धूर मोजला पाहिजे तो तिला दंड करण्यासाठी नव्हे, तिला गॅसचा सिलिंडर परवडावा म्हणून.

प्रत्यक्षात पैसा कुठे गेला ते पाहा. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. छत्तीसगडातून रायपूर, भिलाई-दुर्ग आणि कोरबा त्यात आहेत. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये देशभरचा खर्च मांडला. ६४ टक्के रस्त्याची धूळ बसवण्यावर, उद्योगांच्या धुरावर ०.६१ टक्के. कारण कामगिरी मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे जाड्या कणांवर मोजली जाते. पाण्याचे टँकर फिरवले, झाडणारी यंत्रे घेतली की आकडा खाली येतो आणि डोळ्यालाही बरे वाटते. दिसते ते झाडले जाते. अडीच मायक्रॉनखालचे झाडूला सापडत नाही. टँकरने भिजवलेला रस्ता वाळला की धूळ पुन्हा उठते, आणि कोरब्याचे सल्फेट तर रस्त्याला कधी टेकतच नाही.

रायपुरात आता पुढची पायरी यायला हवी. चोवीस तासांची चकती दिवस आणि रात्र एकत्र कालवते. म्हणूनच ‘रात्री ईएसपी बंद करतात’ ही तक्रार तिच्यावरून ना सिद्ध होते ना खोटी ठरते. दर तासाला धातू आणि कार्बन मोजणारी यंत्रे आज अस्तित्वात आहेत. दिल्लीत आयआयटी कानपूरने जानेवारी २०२३ मध्ये तसे केंद्र सुरू केले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, ऐन धुराच्या दिवसांत, पैशावरून ते अडले. तसे एक यंत्र लाखे नगरातल्या किंवा बूढापाऱ्यातल्या एखाद्या शाळेच्या गच्चीवर दोन हिवाळे आणि दोन्ही नवरात्रे चालवावे. ते रात्री दोनला लोह आणि मँगेनीज किती दाखवते ते पाहावे. त्या वेळी गोरसी विझलेल्या असतात, भजीवाले झोपलेले असतात, रस्ता रिकामा असतो. आणि सिलतरा-उरल्यातल्या प्रत्येक भट्टीच्या ईएसपीने त्याच तासात किती युनिट वीज घेतली तो मीटरचा आकडा त्याच्या शेजारी, सकाळच्या वर्तमानपत्रात, रायपूरला कळेल अशा भाषेत छापला जावा.